तिकडे तसंच असतं

बाईंनी उजवीकडे पाहिलं. रस्ता पार टोकापर्यंत मोकळा होता. त्यांनी निर्धास्तपणे पाऊल खाली टाकलं आणि डावीकडून एक भलीमोठी बस त्यांच्या नाकासमोरून अशी गेली की तिच्या वाऱ्यानं चष्म्याच्या काचा गार पडल्या. मागून कुणीतरी पिशवीचा बंद धरून त्यांना फुटपाथवर ओढलं होतं म्हणून बरं. वळून पाहिलं तर शाई, त्यांच्या वर्गातली पोरगी. दोन्ही हातांत बंद घट्ट धरून उभी, चेहरा पांढराफटक. "बाई, इकडे गाड्या उलट्या बाजूनं येतात हो! काल सरांनी दहादा सांगितलं." "माहीत आहे गं मला," बाई म्हणाल्या. माहीत होतंच. पण डोक्याला माहीत असलेली गोष्ट मानेला माहीत नसते, हे त्यांना या वयात नव्यानं कळत होतं. पलीकडच्या फुटपाथवर पोरं थांबली होती. चित्रकला, भाषा आणि इतिहास अशा तीन विषयांची पोरं, तीन विषयांचे तीन शिक्षक, आणि शाळेच्या इतिहासातली पहिली परदेशची सहल. इतिहासाच्या बाई डोकी मोजत होत्या; गेले काही दिवस त्या झोपेतही डोकी मोजत असाव्यात. भाषेचे सर पलीकडून ओरडले, "बाई, जपून! तुम्ही गेलात तर पुढच्या वर्षी वर्गात उजेड कोण पाडणार?" पोरं हसली. बाईही हसल्या. मरणाचं त्यांना एवढं वाटलं नाही. इतक्या खात्रीनं आपण चुकीच्या बाजूला बघत होतो, याचंच नवल वाटत राहिलं.

मग संग्रहालयाकडे चालताना त्यांची मान नुसती फिरत होती, आधी इकडे, मग तिकडे, मग पुन्हा इकडे. या गावात सगळंच उलटं होतं. दिव्याचं बटण वर केलं की दिवा लागायचा. कुलूप उलट्या दिशेनं उघडायचं. काल रात्री वसतिगृहात गरम पाण्याचा नळ शोधताना हात पोळला होता. आणि तरी त्यांना सारखं वाटत होतं की, हे गाव आपण पाहिलेलं आहे. उंच अरुंद खिडक्या, दगडी उंबरे, छपरांच्या मागे खाली आलेलं राखी आभाळ. ते सगळं जिथल्या तिथं होतं, जसं बाबांनी सांगितलं होतं तसं. बाबा कधी गावची हद्द ओलांडून फार लांब गेले नाहीत. शाळेत ड्रॉइंगमास्तर होते ते. पण 'तिकडचं' त्यांना खडानखडा ठाऊक होतं. सरकारी खात्याकडून किंवा कुठल्याशा परदेशी कचेरीकडून स्लाइडींची खोकी शाळेत यायची, त्यातल्या पुठ्ठ्याच्या चौकटींना बुरशी लागलेली असायची, आणि बाबा सुट्टीत बसून एकेक फिल्म बाहेर काढून, पुसून, दोन काचांमध्ये नव्यानं बसवायचे. मग घरातल्या भिंतीवर ती लावून बघायचे. झाडांना पानं का नाहीत, बाबा? तिकडे तसंच असतं. हिला भुवया का नाहीत? तिकडे तसंच असतं. त्या माणसाचं तोंड असं आंबट का? तिकडे तसंच असतं. आई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "जाऊन आलात वाटतं?" आणि बाबा शांतपणे म्हणायचे, "स्लाइडी बघितल्यात ना." घरात तो एक विनोदच होऊन बसला होता. भाजी खारट झाली तरी आई म्हणायची, तिकडे तसंच असतं.

घर म्हणजे एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर. मोठ्या खोलीच्या खिडकीशी आईचं शिलाईचं मशीन, त्याला लागून कापड बेतायचं टेबल, आणि समोरची भिंत कायम मोकळी, कारण ती बाबांची. आई कपडे शिवायची आणि चांगलेच शिवायची. लोक दुसऱ्या भागातून तिच्याकडे यायचे. मुलीनं आपलं काम शिकावं असं तिला मनापासून वाटत होतं. आणि मुलगी तर जन्मली ती डावखुरी. पेन्सिल डाव्या हातात, कंगवा डाव्या हातात, कात्रीही डाव्या हातात. डाव्या हातात कात्री धरली की पाती एकमेकींपासून फाकतात आणि कापड कापलं न जाता चावलं जातं. आईनं हौसेनं दिलेल्या चिंध्या लेकीनं अशा चावून ठेवल्या की आई बघतच राहिली. रागावली नाही. घाबरली. "अगं, अशानं कोण काम देणार तुला उद्या?" असं म्हणून तिनं उरलेल्या कापडाची एक मऊ पट्टी शिवली, दुहेरी, कडा दुमडून, लागू नये म्हणून आतून अस्तर लावून, आणि अभ्यासाला बसताना त्या पट्टीनं लेकीचा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवायला सुरुवात केली. पट्टीचा रंग फिका निळा होता. बाईंना तो अजून आठवतो. दुखायचं नाही, तेच वाईट होतं. दुखलं असतं तर रडता तरी आलं असतं. उजव्या हातानं काढलेली अक्षरं पाटीवर कशीबशी उभी राहायची आणि बांधलेला हात मागे गप्प पडून असायचा, आणि त्या वयातही त्यांना वाटायचं, खरी मी तिकडे मागे आहे, बांधलेली. बोलायची बंद झाली होती मुलगी. शाळेतून निरोप आला की ही वर्गात उत्तर देत नाही, अडखळते. बाबा आईशी बोलले, एकदा, दोनदा. पण कापडातलं आणि कात्रीतलं बाबांना काय कळणार? आई एका वाक्यात त्यांना गप्प करायची. तसंही भाषेनंच निकाल लावून ठेवला होता. नकोशा माणसाला डावलतात, आणि लेकीचं लग्न झालं की ती उजवली म्हणतात. अशा घरात, अशा भाषेत, एक संध्याकाळ आली.

बाबा सायकलच्या मागे शाळेचा प्रोजेक्टर बांधून घेऊन आले. त्यात नवल नव्हतं. नवल हे की त्यांनी आईला मशीन थांबवायला सांगितलं. "ये जरा इकडे. तुझ्या कामाचं चित्र आहे." आई कपाळाला आठ्या घालून आली. बाबांनी दिवा मालवला, पंख्यासारखा घरघरणारा प्रोजेक्टर सुरू केला, आणि भिंतभर एक बाई उभी राहिली. टेबलावर पसरलेलं गडद कापड, उजवीकडून खिडकीतून येणारा दुधाळ उजेड, खाली वाकलेली मान, आणि डाव्या हातात कात्री. कात्री कापडाच्या मधोमध पोचलेली. बाईंना, म्हणजे खुर्चीला हात बांधून बसलेल्या त्या पोरीला, श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. भिंतीवरची ती बाई छतापर्यंत उंच होती. तिचा डावा हात त्यांच्या अख्ख्या अंगाएवढा होता. आणि तो मोकळा होता. "कापड बेतणारी," बाबा म्हणाले. "फार नावाजलेलं चित्र आहे." ही थाप होती, ते बाईंना पुढे कळलं, ते चित्र कुणी फारसं नावाजलेलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातही नव्हतं. आई पुढे झाली. इतकी पुढे की चित्र तिच्या पाठीवर पडलं. तिनं भिंतीवरच्या कात्रीशी बोट नेलं. "डाव्या हातानं," ती म्हणाली. "आणि कापड तर सरळ जातंय." तिचं बोट झग्यावर सरकलं. मग आई म्हणाली, "हिची पट्टी उलटी आहे." बाबांनी विचारलं, "कुठली पट्टी?" "झग्याची. बटणांची. बायकांची उजवी बाजू वर येते. ही पुरुषी पट्टी झाली." बाबा वाकून प्रोजेक्टरचं भिंग फिरवत होते. चित्र अस्पष्ट झालं आणि परत स्पष्ट झालं. "तिकडे तसंच असतं," ते म्हणाले. आई भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं बाबांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "असतं का?" आई म्हणाली. "मग असू दे." आणि कणीक मळायची आहे म्हणून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती निळी पट्टी चिंध्यांच्या गाठोड्याला बांधलेली दिसली, आणि पुढे कधी तिचा विषय निघाला नाही.

त्या एका चित्रावर बाईंचं आयुष्य उभं राहिलं, असं म्हटलं तर भाषेचे सर थट्टा करतील, पण तसंच होतं. बाई चित्रकलेच्या बाई झाल्या. बाबांच्या माघारी ती स्लाइड त्यांच्याकडे आली: दोन काचा, कडेनं बाबांची नीटस काळी किनार, कोपऱ्यात लाल ठिपका. प्रोजेक्टरमध्ये घालताना स्लाइड कशी धरायची ते ठिपका सांगतो. बाबांचा ठिपका कधी चुकायचा नाही, अख्ख्या शाळेत त्यांच्या हातून उलटी लागलेली स्लाइड कुणी पाहिली नव्हती. चित्राचा खालचा एक कोपरा मात्र काळ्या चिकटपट्टीनं झाकलेला होता. "तिथं बुरशीनं खाल्लंय," असं बाबा सांगायचे, आणि बाईही दर वर्षी वर्गाला तसंच सांगायच्या. दर वर्षी पहिल्या तासाला त्या हीच स्लाइड लावायच्या आणि तेच सांगायच्या. उजव्या हातानं काम करणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली कामावर पडते. डावखुऱ्याला उजवीकडून. "आता बघा, खिडकी कुठे आहे? उजवीकडे. चित्रकारानं एका डावखुऱ्या बाईसाठी खिडकी हलवली. यालाच बघणं म्हणतात." इथं त्यांचा आवाज दर वर्षी किंचित कापायचा, आणि पोरं त्याची नक्कल करायची. शाळेत चित्राला 'बाईंची डावखुरी' असंच नाव पडलं होतं. शाई पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा डावा हात बाकाखाली लपवून बसायची. डाव्या हातानं लिहिताना ओल्या अक्षरांवरून हात फिरतो आणि तळव्याची कड निळी होते, त्यावरून पोरांनी तिचं नाव शाई पाडलेलं. त्या तासानंतर ती पुढच्या बाकावर आली. तळवा उघडा टाकून. बाईंनी काही न बोलता आपल्या तळव्याची कड तिला दाखवली, ती तशीच निळी होती. सहलीला शाई आली ती त्या चित्रासाठी, आणि खरं सांगायचं तर बाईही. मुख्याध्यापकांनी आधी दोनदा परदेशी सहलीचं विचारलं होतं, बाईंनी टाळलं म्हणून ती राहूनच गेली होती. बघून आलो आणि नाहीच काही वाटलं तर, ही धास्ती. पण या खेपेला ते चित्र असलेलं गाव वाटेवर होतं. निघताना त्यांनी ती स्लाइड रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. रंग किती उतरलेत ते शेजारी धरून बघू, असं स्वतःला सांगितलं.

संग्रहालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत बस विसरली गेली. आत गेल्यावर तर बोलायचंच राहिलं. बाईंनी जन्मभर चित्रं पाहिली ती दिव्याच्या जोरावर. पाठीमागून बल्ब पेटायचा आणि चित्र भिंतीवर उजळायचं; बल्ब गेला की चित्र गेलं. इथं चित्रांच्या पाठीमागे काहीच नव्हतं. ती आपली आपण उजळत होती. आणि त्यांना जाडी होती! एका म्हाताऱ्याच्या नाकावर रंगाचा चांगला गोळाच होता, नखानं खरवडता येईल असा. एका समुद्राला बारीक तडे गेले होते. बाई पहिल्याच दालनात अशा खिळल्या की इतिहासाच्या बाईंना परत येऊन त्यांना मोजावं लागलं. "अहो, पोरं सगळी आहेत, तुम्हीच हरवलात." "हो, आले," बाई म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही. बाबांनी यातलं काही पाहिलं नाही. भिंतीवरच्या चुन्यावर पाहिलं, आणि एवढं सगळं खरं मानलं. सर पोरांना पाट्या वाचून दाखवत पुढे चालले होते, मध्ये कुणी पोर वाचताना चुकलं की हसत होते आणि स्वतः चुकले की खोकत होते. मग लांबून शाईचा आवाज आला, दबका, पण सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा. "बाई! सापडली!"

बाई गेल्या, आणि आधी त्यांना चित्र दिसलंच नाही. त्यांची नजर भिंतीच्या उंचीवर शोधत होती. छतापर्यंत उंच बाई. पण शाई बोट दाखवत होती ती एक लहानशी चौकट होती, जेवणाच्या ताटात मावेल एवढी. एवढीशी! एवढ्याशा त्या चित्रानं त्यांच्या घरातली अख्खी भिंत व्यापली होती. त्या जवळ गेल्या. कापड जसं असायला हवं तसं होतं. नाही, त्याहून गडद, त्यात एक जांभळी झाक होती जी स्लाइडीतून कधीच उडून गेली असणार. मान तशीच वाकलेली होती. मानेवर सुटलेली एक बट होती, एका केसाच्या ब्रशनं काढलेली. बाईंच्या अंगावर काटा आला. ती खरी होती. कुणीतरी खरंच एका खोलीत उभं राहून तिला पाहिलं होतं. आणि मग त्यांच्या मानेला काहीतरी टोचायला लागलं. सकाळी बस येण्याआधी, पाऊल टाकताना, जशी खात्री होती तशी खात्री डोळ्यांत होती आणि चित्र दुसऱ्याच बाजूनं येत होतं. खिडकी डावीकडे होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले. खिडकी डावीकडेच होती. उजेड डावीकडून येत होता आणि कात्री बाईच्या उजव्या हातात होती. "बाई," मागून एक पोरगा म्हणाला, "हिला इकडे आणून उजवी केली वाटतं!" पोरं खिदळली. वर्षानुवर्षं ऐकलेला तास होता तो, खिडकी हलवल्याचा, आणि तो आता ऐकायला सगळे अर्धगोल करून उभे राहिले होते. शाई हसली नाही. तिनं हळूच डावा हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला. बाईंनी ते पाहिलं. आपण इतकी वर्षं, इतक्या पोरांना, एका उलट्या लागलेल्या स्लाइडीवरून खिडक्या आणि हात शिकवले. आणि आपण स्वतः? ज्या हातानं लिहिलं, काढलं, पोट भरलं, तो हात एका चुकीवर सोडवून घेतला होता का? बाबांची चूक! पण बाबांची स्लाइड उलटी लागत नसे. ठिपका चुकत नसे. हा विचार त्यांच्या मनात नुसता येऊन उभा राहिला, पुढे जाईना.

"बाई, कोपरा बघा, कोपरा," सर म्हणाले. त्यांनी सांभाळून घ्यायला विषय बदलला असावा. "तुमच्या स्लाइडीत बुरशीनं खाल्लेला. इथं तर शाबूत आहे." बाई वाकल्या. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, टेबलाखाली, कापडाचा एक तागा उभा ठेवला होता. त्याच्या पट्ट्यावर बारीक काळी अक्षरं होती, चार ओळी, चित्रकारानं मजेनं काढल्यासारखी. भाषेची पोरं पुढे सरसावली, एकमेकांना कोपरानं ढकलत अक्षरं लावायला लागली, आणि शेवटी सरांनीच वाचलं. "दुकानदाराचं नाव आहे. पुढे... 'धुतल्यावर आटणार नाही.'" आधी इतिहासाच्या बाईंनाच हसू फुटलं. "त्या काळीसुद्धा! आणि आटलंच असेल बघा." सगळे हसत सुटले. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या मनात तो विचार एकदम पुढे सरकला होता. अक्षरं. चित्र उलटं केलं तर बाई डावखुरी होते, खिडकी पलीकडे जाते, कुणाला काही कळत नाही. पण अक्षरं? अक्षरं उलटी दिसली की कुणालाही कळतं. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून स्लाइड काढली. दालनाच्या खिडकीशी जाऊन उजेडात धरली. काळ्या चिकटपट्टीचा कोपरा, बाबांनी पात्यानं सरळ कापलेला, बरोबर तेवढाच. टेबलाच्या पायाला धक्का न लावता, तागा तेवढा झाकलेला. बुरशी काठाकाठानं खाते. ती अशी काटकोनात कुठे खाते? त्यांनी स्लाइड तिरकी केली. ठिपक्याच्या हिशेबानं फिल्मची चकचकीत बाजू नको त्या अंगाला होती. आणि लाल ठिपका सोडून दुसऱ्या कोपऱ्यात, उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसू नये इतक्या हलक्या हातानं घासून काढलेला, जुन्या ठिपक्याचा डाग होता. बाबांनी आधी बरोबर लावली होती. मग मुद्दाम उलटवली होती.

बाईंनी खिडकीच्या कठड्याला हात टेकला. बाहेर तोच रस्ता, त्याच उलट्या बसगाड्या. एका शिक्षकानं, ज्यानं कधी कुणाला स्लाइड चुकवू दिली नाही, एक दुपार बसून सबंध जग आरशात घातलं होतं. खिडकी इकडची तिकडे नेली होती. कात्री या हातातून त्या हातात दिली होती. बायकोला समजेल त्या एकाच भाषेत बोलायचं म्हणून खोक्यातल्या सगळ्या चित्रांतून कापड बेतणारीच निवडली होती. त्यांना भिंगावर वाकलेली बाबांची पाठ दिसली. चित्र अस्पष्ट झालं होतं आणि परत स्पष्ट झालं होतं. आणि मग, इतक्या उशिरा, त्यांना आई दिसली. पाठीवर चित्र घेऊन भिंतीशी उभी असलेली. हिची पट्टी उलटी आहे. आईला एका नजरेत दिसलं होतं. जिनं हजारो झग्यांच्या पट्ट्या शिवल्या तिला काय, झगा उलटा आहे म्हणजे बाई उलटी आहे, बाई उलटी म्हणजे हात उलटा, हे कळायला कितीसा वेळ लागणार? तिनं बाबांकडे पाहिलं होतं. खुर्चीकडे पाहिलं होतं. तिला त्यांना खोटं पाडता आलं असतं, एका वाक्यात, जशी ती नेहमी पाडायची. तिनं विचारलं, असतं का? आणि म्हणाली, मग असू दे. थाप एकानं मारली होती आणि दुसरीनं ती समजून उमजून घेतली होती, आणि दोघं त्याबद्दल मरेपर्यंत एकमेकांशी एक अवाक्षर बोलले नसणार. बाईंना वाटलं होतं, या इमारतीतली सगळ्यात मोठी गोष्ट त्या मघाशी पाहून आल्या. आता कळलं की ती घरीच होती, स्वयंपाकघराच्या दारात, कणीक मळायला निघालेली. त्या रडल्या. लपवायची ताकद नव्हती.

शाई शेजारी येऊन उभी होती. "बाई, स्लाइड चुकली होती ना आपली?" तिनं विचारलं. तिला दुसरंच विचारायचं होतं, ते तिच्या बाहीत लपलेल्या हाताला ठाऊक होतं. बाईंनी नाक पुसलं. "चुकली नव्हती गं. बेतली होती." आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, निळी पट्टी, खुर्ची, घरघर, काळा कोपरा. पोरंही एकेक करून जवळ आली, नेहमी नक्कल करणारीसुद्धा. "मी तुम्हाला दर वर्षी सांगते ना," बाई म्हणाल्या, आणि आवाज कापला, नेहमीपेक्षा जास्त, "की एका डावखुऱ्या मुलीसाठी कुणीतरी खिडकी हलवली. ते खरंच आहे. फक्त मी माणूस चुकीचं सांगत होते." सरांनी खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, मग उगीच पाटी वाचत राहिले. शाईनं बाहीतून हात बाहेर काढला. थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिली. "बाई, मग काढायचं ना चित्र?" तेवढ्यासाठीच तर वह्या आणल्या होत्या. सगळे चित्रासमोर जमिनीवर बसले, बाईही बसल्या, गुडघे कुरकुरले तरी. कितीतरी वर्षांत त्या पोरांच्या रांगेत बसल्या नव्हत्या. पेन्सिल डाव्या हातात आली. समोर ती लहानशी चौकट, शांतपणे कापड बेतणारी. एक केसभर बट, जांभळी झाक, चार ओळी अक्षरं. बाई मान वर करत होत्या, खाली घालत होत्या, आणि हात आपोआप चालला होता. मग शाई त्यांच्या वहीत डोकावली आणि तिनं तोंडावर हात दाबला. "बाई, तुमची उलटी आलीय! समोर आहे तरी! खिडकी उजवीकडे काढलीत. आणि झग्याची पट्टीसुद्धा उलटी आहे."

बाईंनी वहीकडे पाहिलं. खरंच होतं. त्यांनी खोडरबर उचललं आणि परत ठेवून दिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तिकडे तसंच असतं."

"तिकडे म्हणजे कुठे, बाई?"

"आमच्या घरी," बाई म्हणाल्या, आणि कात्रीच्या पात्याला उजेड द्यायला लागल्या.